चार-बीची नोंद

माझं एक जुनं मत आहे. माणूस प्रोग्रामिंगची भाषा आपल्या स्वभावाप्रमाणे निवडतो, आणि माहिती कशी साठवायची हे तर तो लहानपणी कुठल्या घरात वाढला त्यावरून ठरतं. क्लासमध्ये हे कुणी शिकवत नाही. तिथे वेग सांगतात, मेमरी किती लागेल ते सांगतात. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुली विचारायच्या, मॅडम, कुठला डेटाबेस चांगला? मी विचारायची, तुझ्या घरी डाळीचे डबे कसे लावतात? त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. मी गंमत करत नसे.

मी स्वतः कोबॉलची बाई. या भाषेत आधी सगळं जाहीर करावं लागतं. कोण कोण येणार, प्रत्येकाला किती अक्षरांची जागा, आकडा आहे की नाव, हे सगळं मांडून झालं की मगच कामाला हात लावायचा. पुष्कळांना त्याचा कंटाळा यायचा. मला त्यात हायसं वाटायचं. आमच्या घरी चार माणसं जेवायला येणार असली तरी आई आदल्या दिवशी ताटं काढून पुसून ठेवायची, आणि एखादा पाचवा आला की तिच्या कपाळावर आठी पडायची. ती आठी माझ्याकडे जशीच्या तशी आली आहे.

ही गोष्ट ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हाची. आमच्या भिलाईच्या पत्त्याखाली तेव्हा म. प्र. लिहायचे. सुपेल्यात एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मोठ्या पोलाद कारखान्याला नटबोल्ट, झडपा, पट्टे पुरवणारे छोटे कारखानदार आमच्याकडून स्टॉकचे आणि हजेरीचे प्रोग्राम लिहून घेत. ऑफिसात दोन कॉम्प्युटर. त्यांच्यासाठी काचेची वेगळी खोली आणि त्या खोलीत एसी, जो माणसांसाठी नव्हता असं मालक रोज सांगायचे. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. काही कारखानदार चपला काढून आत आले की सवयीने हातही जोडायचे.

त्या खोलीत माझ्याशिवाय आणखी एकच जण बसायचा. माझ्याहून वर्षाने मोठा, चरोद्याचा. वडील रेल्वेत गार्ड. तो रोज लोकलने यायचा आणि आल्या आल्या गाडीला किती उशीर झाला ते सांगायचा. त्याची भाषा सी. प्रोग्रामातली त्याची नावं एका अक्षराची, फार तर दोन. कशाला काय म्हटलंय ते त्याचं त्याला ठाऊक. माझ्या प्रोग्रामाच्या लांबलचक याद्या पाहून तो म्हणायचा, "ये प्रोग्राम है की लग्नाची याद? रुखवत बाकी राहिलं पाहा तुझं." मी म्हणायची, "तुझा प्रोग्राम उद्या तुला तरी वाचता येईल का?" यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. उद्या मी इथे असेन कशावरून?

मला तो आवडायचा. तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नाही, त्याला तर नाहीच. आता सांगायला हरकत नाही.

कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरात, मराठी मंडळ होतं. नागपूर, अमरावती, अकोल्याकडून कारखान्यात नोकरीला आलेली घरं. संक्रांतीला मंडळाचं तिळगूळ आणि हळदीकुंकू व्हायचं, आणि त्याची चिठ्ठी घरोघर जायची. वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली घरातल्या बाईचं. ही यादी वर्षानुवर्षं माझी आई सांगायची. वहीबिही नाही. ती डोळे मिटून एकेक सडक चालत जायची आणि म्हणायची, "सडक बारा, दोन-ए, हे नवे आले, खामगावचे. त्याच्या बाजूले तीन-ए, त्यांची बदली झाली." मंडळाचे सचिव काका समोर बसून लिहून घ्यायचे. आई गेली त्या वर्षी यादी सांगणारं कुणी उरलं नाही. तेरावं झाल्यावर काकाच घरी आले आणि मला म्हणाले, "बाई, तू त्या कॉम्प्युटरवर काम करतेस ना? तुझ्या आईच्या डोक्यातलं तेवढं त्यात भरून दे."

मालकांनी रविवारी सकाळी मशीन वापरायला परवानगी दिली. डेटाबेस म्हणून मी डीबेस निवडला. रकाने आखून दिलेले, प्रत्येकाची रुंदी ठरलेली, भरलं की झालं. माझ्या स्वभावाला तो लगेच मानवला. मुख्य प्रश्न होता, नोंद शोधायची कशावरून. मी क्वार्टर नंबरावरून शोधायची ठरवली. सेक्टर, सडक, क्वार्टर. आईची यादी तशीच होती आणि आम्ही सगळे एकमेकांना ओळखतही तसेच होतो. पाच-एवाल्या वहिनी, सातच्या काकू. चिठ्ठ्याही सडकेच्या क्रमाने छापून निघाल्या की स्कूटरवरून वाटणाऱ्यांना उलटसुलट फिरावं लागणार नव्हतं. मला माझ्याच हुशारीचा अभिमान वाटला.

त्याला मी तो प्रोग्राम दाखवला तेव्हा त्याने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे चुकलं. क्वार्टरले कशाला धरून राहिली? माणसाले नंबर दे. पत्ता त्याच्या पुढे लिही. पत्ता तो बदलता रहता है."

"क्वार्टर कुठे बदलतं? आमचं चार-बी मी जन्मले तेव्हापासून चार-बीच आहे."

"क्वार्टर राहते गं. आतला माणूस जाते. नवीन आला का तू काय करशील?"

"जुन्याच नोंदीवर त्याचं नाव टाकीन. जागा तीच, माणूस नवा. यादी नेहमी बरोबर राहील."

"आणि जुना?"

"जुना गेला ना गावाला. त्याला कशाला चिठ्ठी?"

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, त्यांच्या घराचा पत्ता दर तीन-चार वर्षांनी बदलायचा. डोंगरगड, गोंदिया, बिलासपूर, चरोदा. आई ट्रंकेवर नुसतं वडिलांचं नाव रंगवून घ्यायची, गावाचं नाव कधीच नाही. मी म्हटलं, "माणसं काय कैदी आहेत, त्यांना नंबर द्यायला?" हे मी फार जोरात म्हणाले. काचेपलीकडून मालकांनी मान वर करून पाहिलं.

प्रोग्रामात मी आणखी एक शहाणपणा केला होता. कुणी आपल्या सेक्टरांबाहेरचा नंबर घातला तर मशीन तो घ्यायचं नाही. नुसतं चूक म्हणण्यापेक्षा आपल्या भाषेत समज द्यावी म्हणून मी पडद्यावर एक ओळ टाकली होती. आमच्या मशीनवर देवनागरी उमटायची नाही, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत होती. "हे घर आपलं नाही. पुन्हा बघा." सचिव काकांना ती फार आवडली. दुर्गचा एक पत्ता मुद्दाम घालून त्यांनी ती ओळ दोनदा पाहिली.

आता मूळ गोष्टीवर येते. सगळी घरं भरता भरता मी आमच्या चार-बीवर आले. कुटुंबप्रमुख, बाबा. गृहिणी, या रकान्यात मी आईचं नाव घातलं. आईला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. बोटं चालत राहिली आणि मी पुढच्या घरावर गेले. नंतर मागे येऊन ते नाव काढायला हवं होतं. मी आले नाही. रकाना कोरा ठेवायला माझा हात धजला नाही, हे सरळ सांगते.

त्या संक्रांतीला चिठ्ठ्या छापून निघाल्या आणि सडकेच्या क्रमाने आमच्याकडेही आली. खाली आईचं नाव. दार बाबांनी उघडलं. चिठ्ठी देणारे गृहस्थ घाईने स्कूटरला किक मारून पुढे गेले. बाबांनी चष्मा लावून ती वाचली, मग परत वाचली, आणि म्हणाले, "मंडळवाले तिले विसरले नाहीत, बाई." मी स्वयंपाकघरात होते. तिथूनच हं म्हटलं. त्यांचा आवाज इतक्या दिवसांनी सरळ निघाला होता, आणि तो माझ्या एका न काढलेल्या नावामुळे निघाला होता. आता ते नाव काढणं मला शक्यच नव्हतं. पुढच्या वर्षीही ते राहिलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. आईला या घरात ठेवण्याची माझ्या हातात एवढी एकच युक्ती होती. घरात आम्ही दोघंच, बोलणं जेवणाच्या ताटापुरतं. पण संक्रांतीच्या आधीचा आठवडा आला की बाबा फाटकाकडे कान देऊन बसायचे.

तिसऱ्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी आपलं सामान एका पिशवीत भरून तो काचेच्या खोलीबाहेर चप्पल घालत उभा राहिला. म्हणाला, "तिकडे अजून एक जागा आहे. कोबॉलवाला पाहिजे त्यांना." मी म्हणाले, बाबा एकटे आहेत. तो म्हणाला, "बाबा दो साल में रिटायर होणार. तेव्हा क्वार्टर सोडावंच लागेल ना?" मला त्याचा राग आला होता, कारण हे मला माहीत होतं आणि मी ते मनाच्या मागे ढकलून ठेवलं होतं. तो जिना उतरून गेला. त्यानंतर त्या खोलीत मी एकटीच चपला काढून बसायची. बाहेर एकच जोड दिसायचा.

बाबा रिटायर झाले. हार, नारळ, कारखान्याचा फोटो, सगळं रीतसर झालं. क्वार्टर सोडायची मुदत दिवाळीनंतर संपत होती. अमरावतीकडे दर्यापूरला माझ्या सख्ख्या काकांच्या घरी एक खोली रिकामी होती, बाबा तिकडे जाणार होते. मी जाऊन तिथे काय करणार? तेव्हा दर्यापुरात कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता. बाबा म्हणाले, "तुह्यं काम इथं आहे. माह्यासाठी तू कावून अडकून राहते?" मी दुर्गला मोहन नगरात एका निवृत्त मास्तरांच्या घराची मागची खोली घेतली. दुर्गहून सुपेल्याला बस होती.

सामान बांधताना आईच्या शिलाई मशीनचा खण उघडला. आत बॉबिनच्या डबीखाली चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक वर्षाची, घडी न घालता ठेवलेली. मी खण तसाच बंद केला. मशीन काकांकडे जाणार होतं, त्यांच्या सुनेला शिवण येत होतं. बाबांनी मात्र ट्रकमध्ये चढवण्याआधी खण उघडून पाहिला आणि चिठ्ठ्या आपल्या खिशात ठेवल्या.

डिसेंबरात सचिव काकांनी नेहमीप्रमाणे बदलांचा कागद पाठवला. कुठे कोण गेले, कोण आले. चौथी ओळ होती सडक सोळा, चार-बी. नवे वर्ध्याचे, बायको आणि दोन मुलं. त्या रविवारी मी आधी बाकीची घरं केली. ती संपली. मग चार-बीचा नंबर घातला आणि पडद्यावर आमचं घर उघडलं.

बाबांचं नाव गेलं तेव्हा मला विशेष काही झालं नाही. बाबा दर्यापुरात होते, त्यांचं पोस्टकार्ड कालच आलं होतं. मग कर्सर खालच्या रकान्यात जाऊन आईच्या पहिल्या अक्षरावर थांबला. मी कागद पाहून नव्या बाईंचं नाव टाइप केलं. एकेका अक्षराखाली आईचं एकेक अक्षर गेलं. नव्या बाईंचं नाव लहान होतं. ते संपलं तरी आईच्या नावाची शेवटची तीन अक्षरं पुढे तशीच राहिली. डीबेस आपणहून काही पुसत नाही, लिहिलेलं असेल ते तिथेच राहतं. तीन वेळा स्पेस दाबावा लागतो, आणि तो आपणच दाबायचा असतो. मी दाबला. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते, लोक बोलले होते त्यावर. त्या रविवारी मी त्या एसीत बसून रडले. मशीनवर पाणी पडू नये म्हणून खुर्ची मागे घेतली तेवढीच शुद्ध होती.

मग मी स्वतःला यादीत घालायला गेले. आई नाही, बाबा नाहीत, निदान मी आहेच की, मंडळाच्या कामाची. मोहन नगरचा पत्ता घातला. पडद्यावर ओळ आली. हे घर आपलं नाही. पुन्हा बघा.

मी पुन्हा बघितलं. माझाच प्रोग्राम होता, त्यात चूक नव्हती.

सचिव काकांना मी फोनवर सांगितलं, माझी चिठ्ठी निघत नाही. ते हसले. "अगं, तू तर घरची! तुले कायले चिठ्ठी पाहिजे?" प्रेमानेच म्हणाले. पण चिठ्ठी न देता बोलावलेल्या ठिकाणी मला जाता आलं नाही. संक्रांतीच्या दिवशी मी मोहन नगरच्या खोलीत वरण-भात केला आणि तो दोन्ही वेळा खाल्ला.

त्याच्या आधीच बाबांचं कार्ड आलं होतं. काकांची तब्येत, गव्हाचं पीक, आणि शेवटी एक ओळ, मंडळाची चिठ्ठी निघाली का? मी तीन दिवस विचार केला. मग ऑफिसात जाऊन तो प्रकार केला जो मला नेहमी लबाडीचा वाटत आला होता. नोंद नसतानाही एका ओळीची आज्ञा देऊन कागदावर वाटेल ते नाव छापता येतं. मी बाबांचं नाव छापलं, खाली आईचं, नेहमीच्या कागदावर, नेहमीच्या प्रिंटरवर. पत्त्याच्या जागी काय छापावं ते कळेना, म्हणून ती जागा कोरी सोडली. पाकिटात घालून दर्यापूरला पाठवून दिली.

उत्तर आलं ते त्यांच्या बारीक, कारकुनी अक्षरात.

"चिठ्ठी पोचली. तूच छापते हे मले पहिल्याच वर्षी समजलं होतं. चिठ्ठ्या वाटतात त्याच लोकांनी तुह्या आईले खांदा दिला होता, ती गेली हे ते कसे विसरतील? पण तुले त्यानं बरं वाटून राहिलं होतं म्हणून मी बोललो नाही. आता तिच्यासाठी छापू नको. तिचं नाव माह्याजवळ आहे. तुह्यं नाव कोणत्या यादीत आहे, ते कळव."

मी लगेच उत्तराला बसले. तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, एवढं लिहून झालं. मग यादी आठवू लागले. रेशनकार्डावर मी बाबांच्या खाली होते आणि ते कार्ड त्यांच्याबरोबर दर्यापूरला गेलं होतं. मतदारयादीत मी अजून चार-बीमध्ये राहत होते. मोहन नगरात घराच्या पाटीवर मास्तरांचं नाव होतं. पुण्याला कोबॉलवाल्याची जागा होती, ती कधीच भरून गेली असणार. कार्ड आठवडाभर टेबलावर तसंच पडून राहिलं.

पुढच्या रविवारी मी सगळा प्रोग्राम मोडला. नवीन रकाना केला आणि माणसांना नंबर द्यायला बसले, एकेकाला, कुटुंबप्रमुखाला वेगळा, बायकोला वेगळा, मुलांना वेगळे. पत्ता पुढे, बदलता येईल असा. तुझंच बरोबर होतं असं त्याला पुण्याला कळवावंसं वाटलं, पण तिथला पत्ता मी घेतलेलाच नव्हता. "हे घर आपलं नाही" ही ओळ शोधून काढून टाकली. सगळ्यात शेवटी माझं नाव घातलं आणि पत्त्याचा रकाना मोकळा सोडला. मशीनने मुकाट्याने नोंद घेतली.

मग घरी येऊन कार्ड पुरं केलं. यादी मंडळाची. माझा नंबर दोनशे चौदा. पत्ता मागाहून कळवते.